तुटक रेषा

मरोळ गावठाणात, क्रुसाजवळच्या गल्लीत,
रेजिना क्रियाडोंचं घर मोजायला
मी तिसऱ्यांदा गेलो.
टेपचं टोक त्यांच्या हातात, डबी माझ्या.
"घट्ट धरून ठेवा," मी म्हणालो.
"तेच करतेय," त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं."

अर्ज तसा साधा :
जोतं आणि छप्पर पावणेदोन फूट उचलायला परवानगी मिळावी.
कारण : पूर्वी घरात चढून जायचो, आता उतरून जातो.
ते मी खोडलं. लिहिलं, 'दुरुस्ती'.
उतरणं हे कारण कुठल्या नियमात बसत नाही.

सोबत प्रॉपर्टी कार्ड जोडलंय.
त्यावर अकरा नावं. नऊ चर्चमागे झोपलेली,
एक कॅनडात, फोन उचलत नाही,
आणि सगळ्यांत वर पास्कू,
ज्याचं आडनाव कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं : कर्याड.
म्हणून कागदोपत्री हे घर
भलत्याच कुणाच्या तरी आजोबांचं आहे.
(त्याच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा. तो दुसऱ्या खिडकीवर,
मंगळवारी आणि गुरुवारी, साडेअकरापर्यंत.)

दारावर नोटीस लागली :
हरकती व सूचना तीस दिवसांत.
एकच हरकत आली, एकोणतिसाव्या दिवशी,
समोरच्या गुलबहार सोसायटीतून, टाईप केलेली, तीन प्रतींत.
उजेड अडेल, वारा अडेल, गावठाणाचं रूप बिघडेल.
सात मजल्यांनी
एकवीस इंचांना हरकत घेतली.

सोनकुसरे साहेबांनी नकाशा उलटा धरला,
मग सुलटा.
"शहाऐंशीच्या नकाशात जोतं रस्त्यापेक्षा दीड फूट वर.
तुम्ही दाखवताय तीन इंच खाली.
घर खचलंय? मग धोकादायकची नोटीस काढावी लागेल."
"घर जागच्या जागी आहे साहेब. रस्ता वर आला."
त्यांनी फॉर्मची चारही पानं चाळली.
खरंच शोधलं त्यांनी, हे सांगायला हवं.
"रस्त्याला रकाना नाही," म्हणाले.

रस्त्याने कधी अर्ज केला नव्हता.
आधी डांबर, मग मतदानाच्या आदल्या महिन्यात पुन्हा डांबर,
त्यावर लाल-पिवळे ब्लॉक, ते उचकटले
तर त्यावर काँक्रीट.
खालचं कुणी खरवडलं नाही.
कुणाच्या दारावर नोटीस नाही, तीस दिवस नाहीत,
रात्री साडेबाराला मिक्सर यायचा
आणि सकाळी उंबरा जरा बुटका झालेला असायचा.

पुरावा आणा, साहेब म्हणाले.

पुरावा म्हणून मी क्रूस मोजला.
वर दोन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच.
"पाच होत्या," रेजिनाबाई म्हणाल्या.
"खालून दुसरीवर बसून मी सँडलचा पट्टा लावायची,
मिसाला उशीर झालेला असायचा.
तिसरीला कोपऱ्यात टवका होता, नारळ आपटून पडलेला."
तीन साते एकवीस.
हिशेब इतका तंतोतंत जुळला
की मला आधी आनंद झाला,
मग लाज वाटली आनंदाची.

त्या रात्री नवा छेद काढला :
रस्ता जाड रेषेने, घर बारीक रेषेने,
आणि रस्त्याच्या पोटात
तीन पायऱ्या, तुटक रेषेने.
आमच्या कामात तुटक रेषेचा अर्थ असा :
आहे, पण दिसत नाही.
तिसरीच्या कोपऱ्यात टवकाही काढला.
तो कुणी मागितला नव्हता.

साहेबांनी पेन्सिलीने गोल केला.
"हे काय?"
"पायऱ्या."
"कुणाच्या मालकीच्या?"
मी काहीच बोललो नाही.
"काढून टाका. नुसत्या प्रस्तावित गोष्टी दाखवा,
नाहीतर अस्तित्वात असलेल्या. मधलं काही नको."

ट्रेसिंग कागदावरची शाई पुसत नाहीत, ब्लेडने खरवडतात.
खरवडली.
रेषा गेल्या. कागद तिथे पातळ झाला,
उजेडात धरला की
तेवढीच जागा जास्त उजळ दिसते.
फाईल आत गेली आहे.
रेजिनाबाईंनी तोवर दारात एक पाट ठेवलाय,
उतरायला.